लघवीची साक्ष : वजनं उचलणारा तरुण आणि क्षारांचा हिशेब

आजचं शीर्षक वाचून काहींना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या आम्हा मंडळींचा लघवीशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो अगदी जुना आहे. ‘आपल्याला जे दिसत नाही ते आपण कशावरून ओळखतो’ हा ज्ञानमीमांसेचा पहिला प्रश्न. शरीराच्या आत काय चाललंय ते दिसत नाही, बाहेर येतं तेवढंच दिसतं. म्हणून माणसानं शेकडो वर्षं घाम आणि लघवी यांना साक्षीला बोलावलं. ती साक्ष कितपत खरी, याचा इतिहास आज आपण बघू.

प्रश्न नेमका मांडू. रोज वजनं उचलणारा एक धडधाकट तरुण आहे. या व्यायामामुळे त्याच्या शरीरातून बाहेर जाणाऱ्या सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांच्या प्रमाणात काही फरक पडतो का? यांना आपण इलेक्ट्रोलाइट म्हणतो, घरगुती भाषेत क्षार. प्रश्न साधा वाटतो. चोवीस तासांची लघवी गोळा करा, मोजा, झालं. पण तसं होत नाही, आणि का होत नाही हे समजायला आधी न्यायशास्त्रात डोकवावं लागेल.

डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथे आग आहे, हे अनुमान आपल्याला ठाऊक आहे. आता ते उलटं करून बघा : आग आहे, म्हणून धूर असलाच पाहिजे. हे चालेल का? नाही चालत. लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओलं सरपण लागतं. या ओल्या सरपणाला नैयायिकांनी ‘उपाधी’ म्हटलं. म्हणजे अशी अट, जी आपण गृहीत धरलेली असते पण बोललेली नसते. ‘व्यायाम केला म्हणून इतके क्षार गेले’ या वाक्यात किती ओली सरपणं लपली आहेत, ते शोधण्यात विज्ञानाची दीडशेहून अधिक वर्षं गेली.

सुरुवात पादुआच्या सांक्टोरियस या वैद्यापासून करू. हा माणूस तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून स्वतःचं वजन करायचा. खाल्लेलं, प्यायलेलं, बाहेर टाकलेलं, सगळं तोलायचा. १६१४ साली त्याचं पुस्तक आलं. त्याला आढळलं की आत गेलेलं आणि मलमूत्रातून बाहेर आलेलं यांचा मेळ बसत नाही. बराच भाग त्वचेतून आणि श्वासातून नकळत जातो. शरीराकडे जमाखर्चाची वही म्हणून बघायची सवय इथून लागली. त्या वहीत न दिसणारा खर्च असतो हेही इथेच कळलं. पहिली उपाधी.

आता थेट १८६५ साली स्वित्झर्लंडमध्ये येऊ. त्या काळी लीबिग या थोर जर्मन रसायनज्ञाचं मत प्रमाण मानलं जाई : स्नायू काम करतात तेव्हा स्नायूंचंच प्रथिन जळतं. हे खरं असेल तर मेहनतीनंतर लघवीतला नायट्रोजन वाढला पाहिजे, कारण प्रथिनातला नायट्रोजन तिथूनच बाहेर पडतो. झुरिकचे दोन प्राध्यापक, शरीरक्रियाशास्त्रज्ञ फिक आणि रसायनज्ञ विस्लिसेनस, यांनी हे तपासायचं ठरवलं. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिनं बंद केली. स्टार्चच्या चरबीत तळलेल्या वड्या आणि साखर घातलेला चहा, असला आहार. ३० ऑगस्टला पहाटे ब्रिएन्झ सरोवराच्या काठावरून निघून दोघं फाउलहॉर्न शिखर चढले. चढ १९५६ मीटर. रात्रीची, चढतानाची, चढून झाल्यानंतरची लघवी वेगवेगळी ठेवली.

मग हिशेब. फिकचं वजन ६६ किलो, म्हणजे नुसतं स्वतःला वर नेण्याचं काम १,२९,०९६ किलोग्रॅम-मीटर. विस्लिसेनस ७६ किलोचा, त्याचं १,४८,६५६. लघवीतल्या नायट्रोजनवरून निघालं की प्रत्येकानं जेमतेम ३७ ग्रॅम प्रथिन जाळलं होतं. तेवढ्या प्रथिनातून मिळणारी ऊर्जा डोंगर चढायला पुरूच शकत नव्हती. हृदयाचं आणि श्वासाचं काम तर अजून धरलेलंच नाही. म्हणजे स्नायू स्वतःला जाळून चालत नाही; इंधन दुसरंच आहे, कर्बोदकं आणि चरबी. गंमत बघा, त्याच १८६५ साली लीबिगच्या नावानं मांसाचा अर्क विकणारी कंपनी लंडनमध्ये उभी राहिली. सिद्धांत डोंगरावर हरला, डबा मात्र बाजारात चालत राहिला. जिमच्या काउंटरवरचे डबे पाहताना हे आठवायला हरकत नाही.

या प्रयोगाचं मोल त्याच्या निकालापेक्षा त्याच्या पद्धतीत आहे. आहार आधी बांधून घेतला, वेळेचे तुकडे पाडले, केलेलं काम आकड्यात मोजलं. आहार न बांधता कोणी व्यायामानंतरची लघवी मोजली, तर तो व्यायाम मोजतोय की कालचं जेवण, हे सांगता यायचं नाही.

नायट्रोजनकडून क्षारांकडे यायला मात्र वेळ लागला. ‘इलेक्ट्रोलाइट’ हा शब्द फॅरेडेनं १८३४ साली रूढ केला. पाण्यात विरघळलेलं मीठ विद्युतभारित कणांत फुटलेलं असतं, हे अर्हेनियसनं १८८४ च्या प्रबंधात मांडलं. पण प्रयोगशाळेत अडचण वेगळीच होती. क्लोराइड मोजणं सोपं होतं, सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की काम व्हायचं. सोडियम आणि पोटॅशियम मोजणं किचकट, वेळखाऊ. म्हणून १९४० च्या दशकात फ्लेम फोटोमीटर येईपर्यंत बहुतेक अभ्यास क्लोराइडचेच आहेत. जे मोजता येतं तेच महत्त्वाचं वाटू लागतं, हा माणसाचा जुना स्वभाव.

आणि मोजमाप कुणाचं झालं? सुरुवातीला खेळाडूंचं नव्हे, मजुरांचं. इंग्लंडमधल्या खोल, गरम कोळसाखाणींत धडधाकट खाणकामगारांना पोटात, हातापायांत भयंकर पेटके यायचे. हाल्डेन आणि मॉस यांनी याचा अभ्यास केला. मॉसचा निबंध १९२३ चा. खाणकामगार घामातून पाणी आणि मीठ दोन्ही घालवत होते, आणि तहान लागली की नुसतं पाणी पीत होते. पाणी भरून निघायचं, मीठ नाही. अशा माणसाच्या लघवीत क्लोराइड जवळजवळ नाहीसं झालेलं असायचं. मूत्रपिंड मिठाचा कण न् कण धरून ठेवत होतं. पिण्याच्या पाण्यात थोडं मीठ घातल्यावर पेटके थांबले.

इथे क्षणभर थांबू. लघवीत मीठ नाही, याचा अर्थ काय? अडाणी तर्क म्हणेल, ‘छान, वाया जात नाहीये’. खरा अर्थ उलटा : शरीर कर्जात आहे. पेढीचा मालक अचानक एक पैसाही खर्च करेनासा झाला, तर तो श्रीमंत झाला असं आपण म्हणत नाही.

हीच गोष्ट अमेरिकेत पुन्हा घडली. नेवाडाच्या वाळवंटात हूवर धरणाचं काम सुरू होतं. १९३१ च्या उन्हाळ्यात तिथे कामगार उष्णतेनं मेले. पुढच्या वर्षी हार्वर्डच्या ‘फटीग लॅबोरेटरी’ची मंडळी बोल्डर सिटीत जाऊन राहिली, आणि त्यांनी कामगारांचा व स्वतःचाही घाम तपासला. नवख्या माणसाचा घाम खारट, उन्हाला सरावलेल्याचा कमी खारट. शरीर शिकतं! म्हणजे आणखी एक उपाधी : पहिल्या आठवड्यातला माणूस आणि सहाव्या आठवड्यातला तोच माणूस, हे मोजमापाच्या दृष्टीनं दोन वेगळे.

हे शिकवतं कोण? दुसऱ्या महायुद्धात जेरोम कॉन हा मिशिगनचा डॉक्टर सैनिकांना उष्ण प्रदेशाची सवय कशी होते हे अभ्यासत होता. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीतला कुठलातरी स्राव मीठ धरून ठेवत असावा, असा त्याचा कयास. १९५३ साली लंडनच्या सिम्पसन आणि टेट यांनी बाझेलच्या रायखस्टाइन यांच्या साथीनं तो स्राव शुद्ध रूपात वेगळा काढला, तोच अल्डोस्टेरॉन. पुढच्याच वर्षी कॉनकडे ३४ वर्षांची एक स्त्री आली. स्नायू दुबळे, रक्तदाब जास्त, पोटॅशियम फार कमी. ही ग्रंथी तिच्या शरीरात बेसुमार अल्डोस्टेरॉन ओतत होती. हे ओळखता आलं, कारण त्यानं आधी निरोगी जवानांचा घाम मोजला होता.

आतापर्यंत आपण चढ, खाण, धरण पाहिलं. वजनं उचलण्याचं काय? दंड-बैठका, जोडी, संतोला हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलं. पण वैद्यकात वजनांना मान मिळाला तो १९४५ च्या सुमारास. शिकागोच्या लष्करी इस्पितळात थॉमस डिलॉर्म हा डॉक्टर गुडघा-मांडी दुखावलेल्या सैनिकांना बरं करत होता. हलक्या हातानं, पुष्कळ वेळा, असा तेव्हाचा रिवाज. त्यानं उलट केलं : वजन भारी, आवर्तनं कमी, आणि दर आठवड्याला वजन वाढवायचं. १९४८ पर्यंत वॉटकिन्स यांच्यासोबत त्याची पद्धत पक्की झाली. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येतं, त्याच्या निम्म्यानं पहिले दहा, पाऊणपटीनं दुसरे दहा, पूर्ण वजनानं तिसरे दहा. जिममधला पोरगा आज ‘तीन सेट, दहा रेप्स’ म्हणतो, त्याचं मूळ जखमी सैनिकांच्या पलंगाशी आहे.

वजन उचलताना आत काय होतं? स्नायू आकुंचन पावतो तेव्हा सोडियम पेशीत शिरतो, पोटॅशियम बाहेर पडतो. जोरकस मेहनतीत रक्तातलं पोटॅशियम झपाट्यानं वाढतं आणि थांबल्यावर काही मिनिटांत उतरतं, कारण पेशीच्या भिंतीतले पंप ते परत आत ओढतात. या पंपाचा शोध डेन्मार्कच्या स्काऊ यांनी १९५७ साली लावला. नोबेल मात्र १९९७ साली मिळालं. सरावानं या पंपांची संख्या वाढते. त्याच वेळी मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी होतं, अल्डोस्टेरॉन वाढतं, आणि व्यायामाच्या काळात लघवीतलं सोडियम सहसा घटतं. म्हणजे तासाभराचं चित्र एक. चोवीस तासांचं दुसरं, कारण संध्याकाळी तो पोरगा जेवतो आणि हिशेब पुन्हा सरळ होतो. आठ-दहा आठवड्यांचं तिसरं, कारण आता स्नायू वाढतोय.

या तिसऱ्या चित्राचा हिशेब आपण इथेच करू. एक किलो स्नायूत साधारण ४ ग्रॅम पोटॅशियम असतं. समजा आपल्या तरुणानं दोन महिन्यांत एक किलो स्नायू कमावला. मग ६० दिवसांत ४ ग्रॅम पोटॅशियम शरीरात ‘मुरलं’, म्हणजे रोज सुमारे ६५ मिलिग्रॅम. लघवीतून रोज बाहेर जातं दोन-तीन ग्रॅम. आणि एका मध्यम केळ्यात असतं सुमारे ४०० मिलिग्रॅम. म्हणजे दोन महिन्यांच्या घामातून रोजच्या हिशेबात जो बदल झाला, तो एका केळ्याच्या सहाव्या हिश्श्याएवढा! तरुणानं त्या दिवशी केळं खाल्लं की नाही, यानंच निकाल फिरतो. म्हणून आहार न बांधता केलेल्या अभ्यासात ‘फरक आढळला नाही’ असं आलं, तर त्याचा अर्थ ‘फरक नाही’ असा घेऊ नये. आणि ‘फरक आढळला’ असं आलं तरी लगेच टाळ्या वाजवू नयेत.

तुम्ही म्हणाल, मग आहार बांधून घ्या. तेही झालंय. मंगळाच्या प्रवासाची तालीम म्हणून मॉस्कोत काही निरोगी पुरुषांना बंद यानात ठेवलं होतं. शेवटचा टप्पा ५२० दिवसांचा, २०१० ते २०११. जर्मनीच्या टिट्झे यांच्या गटानं त्यांचं मीठ ठरावीक केलं, आधी रोज १२ ग्रॅम, मग ९, मग ६, आणि सगळी लघवी गोळा केली. अपेक्षा अशी की मीठ स्थिर तर लघवीतलं सोडियमही स्थिर. तसं नव्हतं. ते आठवड्याच्या आसपासच्या लयीत वरखाली होत होतं, आणि शरीरातला साठा त्याहून मोठ्या लयीत. आजचं मीठ आज बाहेर पडेलच असं नाही. एका दिवसाच्या लघवीवर निवाडा देणाऱ्यांना हा मोठा धडा होता.

आता या कथेतली आमच्या मते सगळ्यांत विचार करायला लावणारी साखळी सांगतो. १९४८ साली न्यूयॉर्कच्या कॉर्नेलमध्ये डिट्रिक, व्हेडन आणि शोर यांनी उलटा प्रश्न विचारला. व्यायामानं काय होतं ते राहू द्या, हालचालच थांबवली तर? चार निरोगी तरुण घेतले. कमरेपासून पायापर्यंत प्लास्टर घालून सहा-सात आठवडे निजवून ठेवले. आहार ठरलेला. लघवीतलं कॅल्शियम वाढत वाढत दुपटीवर गेलं. हाडं झिजू लागली होती. नायट्रोजनही जाऊ लागला, म्हणजे स्नायूही. प्लास्टर काढल्यावर सगळं पूर्ववत व्हायला पुन्हा काही आठवडे लागले.

पंचवीस वर्षांनी, १९७३-७४ मध्ये, स्कायलॅब या अंतराळस्थानकात खनिजांच्या जमाखर्चाचा प्रयोग झाला, आणि त्याचे प्रमुख होते तेच व्हेडन. भाररहित अवस्थेत अंतराळवीरांच्या लघवीतलं कॅल्शियम तसंच वाढलं. तिथे सायकल होती, पण सायकलीनं हाड वाचत नव्हतं. भार नाही, तर हाडाला आपलं काम काय तेच कळत नाही. मग अंतराळात वजनं न्यावीत का? तिथे वजनाला वजनच नाही! शेवटी २००८ साली आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर निर्वात नळकांड्यांच्या जोरावर चालणारं यंत्र पोचलं, २७२ किलोपर्यंत प्रतिरोध देणारं. २०१२ साली निकाल आले. हे यंत्र वापरणाऱ्यांनी पुरेसं खाल्लं आणि ड जीवनसत्त्व घेतलं, तर बहुतेक ठिकाणी हाडांची घनता टिकली.

पण लघवी काय म्हणत होती? हाड झिजल्याच्या खुणा लघवीत तरीही वाढलेल्याच होत्या. झीज चालूच होती. फक्त आता हाड बांधण्याचं कामही वाढलं होतं. लघवीत पाडलेल्या भिंतीचा राडारोडा दिसतो, नवी बांधलेली भिंत दिसत नाही. धूर तोच, आग मात्र वेगळी. ज्यानं फक्त लघवी पाहिली असती, तो म्हणाला असता की वजनांचा काही उपयोग झाला नाही.

हे सगळं ऐकून कुणी विचारेल, ‘सर, याचा आम्हाला काय उपयोग?’ उपयोग आहे, आणि तो जिवाशी आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत पाच आठवड्यांच्या आत महाविद्यालयीन कुस्तीगीर असलेले तीन तरुण मरण पावले. आजारी नव्हते. वजनगटात बसायचं म्हणून पाणी तोडलं, रबरी कपडे घालून तापलेल्या खोलीत मेहनत केली. शरीराच्या वहीतला शिल्लक रकाना रिकामा होत गेला. त्यानंतर तिथले नियम बदलले. आपल्याकडे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० ग्रॅमसाठी विनेश फोगटची अंतिम लढत हुकली, तेव्हा एका रात्रीत वजन उतरवणं म्हणजे काय, हे घराघरांत कळलं. ते उतरलेलं वजन चरबीचं नसतं. पाणी आणि क्षार असतात. तालमीतल्या, जिममधल्या मुलांना ‘लघवीवाटे पाणी काढणारी’ गोळी कुणी सुचवली, तर खाणकामगारांची गोष्ट त्यांना जरूर सांगा. आणि उलट बाजूही सांगा : पंख्याखाली तासभर वजनं मारणाऱ्याला, घरचं जेवण जेवणाऱ्याला, रंगीत क्षारांच्या पुड्यांची गरज सहसा नसते. वरणभात, ताक, एखादं फळ, तहानेपुरतं पाणी, एवढ्यात हिशेब जुळतो.

शेवटी एकच मुद्दा मांडतो. या सगळ्या इतिहासात मोजला गेला तो जवळजवळ सगळीकडे तरुण, सशक्त पुरुष. डोंगर चढणारा, खाणीतला, धरणावरचा, सैनिक, अंतराळवीर. का? तो मिळायचा, सोसायचा, त्याच्या कामाची किंमत होती. हळूहळू त्याचे आकडे ‘माणसाचे आकडे’ म्हणून पाठ्यपुस्तकात बसले. हीसुद्धा उपाधीच, आणि फार काळ न बोललेली. साठीच्या बाईला हाडासाठी वजनं उचलायला सांगताना तिचा हिशेब तिच्याच वहीतून मांडावा लागेल. कॉनची ती रोगी बाई नसती, तर अल्डोस्टेरॉनचा हा आजार असा ओळखलाच गेला नसता, हे विसरू नये.

साक्षीदार खोटं बोलत नाही, पण विचारलेल्या प्रश्नापुरतंच बोलतो. प्रश्न नीट विचारणं हे आपलं काम. पुढच्या वेळी आपण याच धाग्यानं ‘सरासरी माणूस’ ही कल्पना कुठून आली ते बघू. काही शंका असतील तर आता घेऊ.